जुईलीच्या चौकशीला

—त्या खुर्चीवर नको पावणं, तिचा पाय हलतोय, आमचे मालक परवा तिच्यावरनंच पडले, हितं पलंगावर बसा. पाणी घ्या. त्यांच्या घराला कुलूप हाय, तुमी किती कडी वाजवली तरी काय उपेग न्हाई— जुईलीचे वडील, आमचे कैलासभावजी, आन् तिची आई कोळवणला लग्नाला गेलेत, आन् जुईली सकाळच्या ड्युटीला. तीनला सुटती, मग ते हिंजवडीचं ट्राफिक, साडेचारशिवाय काय घर दिसत न्हाई तिला. आन् कुणी न्हाई तेच बरं झालं. तुमी नुसतं जुईलीचं नाव घेतलं तवाच वळखलं मी कशाला आलाय ते. रीतच हाय की आपल्यात— पोरीच्या दारात जायच्या आधी शेजारणीच्या दारात जायचं. आईबापाला आपला तो बाब्याच असतो, खरं काय ते शेजारीण सांगती. आता हे कार्ड कसलं काढताय? ऱ्हाऊ द्या ते खिशात. मुलाचा फोटो, बायोडाटा, काय असंल ते भावजींना दाखवा, मला मुलगा बघून काय करायचंय? मी अनसूया. जुईली जन्मली त्याच्या आधीपासनं आमची भिंतीला भिंत हाय, ती मला काकू म्हणती. हां, वही काढली? लिहून घेणार? घ्या, घ्या, आजकाल मुलाकडची माणसं लई पक्की झालीत.

तर ऐका. पोरगी दिसायला चांगली हाय, तेवढं मी खोटं सांगणार न्हाई. पण पावणं, टिकत न्हाई ती. कुटंच टिकत न्हाई. नर्सिंगचं शिकली, चार वर्षांची डिग्री घेतली, पयल्या दवाखान्यात लागली, आयसीयूत— दोन वर्षं झाली न्हाईत तर सोडलं. का? तर म्हणं आता ऑपरेशन थेटर शिकायचंय. तितं दीड वर्ष. मोठ्या सिस्टरनं हातापाया पडून सांगितलं, थांब, तुला इनचार्ज करते— हिचं आपलं न्हाई. तितनं निघाली ती जळितांच्या वॉर्डात. आता मला सांगा, कोण शहाणं माणूस आपल्या पायानं जळितांच्या वॉर्डात जाईल? घरी आली की नुसतं त्या मलमाचा वास. आई म्हणायची, आधी न्हाणीत जा मग चुलीपाशी ये. आन् आता वर्षभर झालं अपघाताच्या विभागात हाय. चार ठिकाणं झाली. जी नोकरीत टिकत न्हाई ती सासरी काय टिकंल? लिहा, लिहा ते. टिकत न्हाई.

थांबा, दूध वर आलं का बघते.

—न्हाई अजून. काय इचारलं? भांडण? कुणाशी भांडण-तंटा? अहो तोंड म्हंजे तोंड हाय तिला! मोठं बघत न्हाई, धाकटं बघत न्हाई. गल्लीत प्लॉटवाल्यांचा डंपर घातला व्हता मागं, तर ही आडवी उभी ऱ्हायली, शाळा सुटायच्या टायमाला गाडी न्यायची न्हाई म्हणाली, ड्रायव्हर बिचारा हात जोडून परत गेला. आन् पोलिसांचं म्हणाल तर— तुमी हेबी इचारता व्हय? मुलाकडचे? कमाल हाय. असू द्या, इचारलंच हाय तर सांगते. ठाण्यात गेलेली हाय ती. व्हय. दवाखान्यात हाणामारी झाली, काचा फुटल्या, पोलीस आले आन् तिला गाडीत बसवून ठाण्यात नेली. रात झाली परत यायला. कंच्या साली? गेल्या दिवाळीच्या आधी. कंचं ठाणं ते मला काय ठावं! लई बारीक इचारताय. पण लिहिलंत ना? बरं.

आता तरी उठाल वाटलं व्हतं मला. बसा, बसा, हाकलत न्हाई, पण मी म्हणते कशाला पायपीट? तुमच्या मुलाची त्यात जागाच न्हाई. कशात म्हंजे? तिच्या कागदात. कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलाय तिनं, बापाला दिसू नये म्हणून. मला दाखवला. एक रेघ मारलीय लांब आन् तिच्यावर गोल, पौडच्या एस्टीचे थांबे असावेत तसे. पयला आयसीयू— मरणाच्या दारातला माणूस कसा राखायचा ते. मग थेटर. मग जळीत. मग अपघात. आन् मग एक मोठा गोल, त्यात तांबड्या पेनानं— मिल्ट्री. मी म्हणलं, अगं, हे काय टप्पे घेत चाललीस, एका जाग्याला बस की. तर म्हणली, काकू, तितं वर बर्फात जवान पडला तर हे डॉक्टरचं काम, ते माझं न्हाई, असं म्हणून चालत न्हाई, पुढ्यात येईल ते हातात घ्यावं लागतं. म्हणून सगळं शिकून जायचं. पाच वर्षांचं कमिशन, म्हंजे तितली नेमणूक, जमलं तर पुढं वाढवायचं, आन् त्याच्यापुढचा गोल मोकळा ठेवलाय. मी म्हणलं ह्यात काय? म्हणली, ते तितनं आल्यावर भरू. आन् परीक्षा पास झाली पावणं! कॉम्पुटरवरची. मुलाखत झाली दिल्लीला, मेडिकल झालं. पस्तिशीच्या आत घेतात म्हणं, ही अठ्ठाविसाची, बसली बरोबर. तितं पयल्याच दिवशी लेफ्टनंट. आता नुसता रुजू व्हायचा कागद यायचाय. मी तर सकाळ-संध्याकाळ त्या पोस्टमनची वाट बघतेय, माझ्याच पोरीचं असल्यासारखं. बसवत न्हाई मला. जेवताना उठते, दारात जाते, परत येते. मालक म्हणतात, पायाला चाकं लागलीत तुझ्या.

आन् मधीच बापानं हे स्थळांचं काढलंय. कागद आला तर पोरगी हातची जाईल, त्याच्या आत उजवून टाकू म्हणतोय. वाईट न्हाईत भावजी, भितात. सीमेवर धाडायला मला पोरगा न्हाई तर पोरगी कशाला धाडू, म्हणतात.

काय बघताय असं? कौतुक करते म्हणून? कौतुक न्हाई करत, सांगतेय. पावणं, तुमच्यासारखेच दोघं आलते सात वर्षांमागं, हितंच, ह्याच पलंगावर बसले. जुईलीच्या थोरल्या बहिणीसाठी, आरोहीसाठी. तीबी नर्सच. बारक्या लेकरांच्या आयसीयूत व्हती, ओंजळीएवढी लेकरं, त्यांच्या शिरंत सुई घालायची, एका झटक्यात, लेकरू रडायचंबी न्हाई. मला इचारलं, पोरगी कशी? मी म्हणलं, गाय हाय गाय. वर मान करून बोलत न्हाई, सांगाल ते करंल, एका शब्दानं उलटणार न्हाई. मला वाटलं मी पोरीचं भलं करतेय. लई फुगले व्हते मी त्या दिवशी, लग्नात आहेराची साडी मला पयली. आन् त्यांनी ते धरूनच ठेवलं. लग्नानंतर महिन्याभरात नोकरी बंद. नर्सचं ते रजिस्ट्रेशन का काय असतं, पाच वर्षांनी नवं करायचं, ते करायला पुण्याला सोडलं न्हाई तिला. गेल्या संक्रांतीला आलती. तिच्या पांढऱ्या ड्रेसचं सासूनं फरशी पुसायचं फडकं केलंय, हे सांगताना हसत व्हती ती. आन् मग म्हणाली, काकू, तू सांगितलेलं ते, वर मान करून बोलत न्हाई— सासू अजून ऐकवती मला. काय बोलले की म्हणती, शेजारणीनं तर असं सांगितलं नव्हतं.

तेव्हापासनं ठरवलं मी. माझ्या तोंडातनं परत चांगला शब्द जाणार न्हाई.

उतू गेलं वाटतं. जाऊ द्या, जाऊ द्या दूध.

तुमी अजून बसलाच का? एवढं सांगितलं तरी? बरं मग, एक शेवटचं सांगते, हे काय मी कुणाला सांगत नसते. फेफरं येतं तिला. व्हय. झटके. वर्षातनं दोनदा-तीनदा. उभी असली तर उभ्याची आडवी पडती, तोंडाला फेस. घरचे लपवतात. लिहा. लिहा ना— हां. झालं? आता गेलात तरी माझा राग न्हाई. ह्याच्या आधी एकजण आलता, फेफरं म्हणल्याबरोबर अर्धा कप तसाच ठेवून चप्पल घातली त्यानं.

हे काय दाखवताय? म्हणलं ना मुलाचा फोटो मला नको— हा तर जुईलीचा फोटो. फॉर्मला काढलेला. हा तुमच्याकडं कसा? चष्मा कुटंय माझा... चा-रि-त्र्य... पडताळणी. पोलीस... हे काय हाय? तुमी... तुमी कुणाकडनं आलाय? अहो, तुमच्या अंगावर खाकी कुटंय? साध्या कपड्यात— आन् दारात ते बूट— तांबडे पोलिसी बूट काढून ठेवलेत, ते मी बघितलेच न्हाईत. ठाण्यातनं? मिल्ट्रीच्या कागदासाठी? तो कागद यायच्या आधी तुमी येता? हे मला कुणी सांगितलंच न्हाई. आई गं.

साहेब. साहेब, खोडा ते. सगळं खोडा. खोटं हाय. कसं खोडता येत न्हाई? आता माझ्या डोळ्यादेखत लिहिलं ना, तसंच खोडायचं. फेफरं न्हाई तिला, सर्दीसुदिक होत न्हाई तिला! मुलाकडच्यांना पळवायला सांगते मी तसं, दोन स्थळं पळवलीत, कुणालाबी इचारा— न्हाई, नका इचारू, भावजींना ठावं न्हाई. आन् ठाण्यात गेली ती साक्ष द्यायला. तिनं काय केलं न्हाई. एक पेशंट मेला, त्याच्या भावानं वॉर्डातल्या म्हाताऱ्या मावशीवर स्टूल उचललं, ही मधी पडली, हाताला सात टाके पडले तिच्या, बघा तुमी, आली की बाही वर करायला लावा. तिनंच जबाब दिला, आन् त्या भावावर केस नको म्हणली, दुःखात व्हता म्हणली. तुमचं पुस्तक असंल ना ठाण्यात, त्यात बघा. आन् टिकत न्हाई म्हणलं ते— मी म्हणलं की तुमाला, ते सगळं ठरवून हाय, त्या कागदावर हाय, चावी आणून कपाट उघडून दाखवू का? आमच्या मालकांना खाचरात घोणस चावली तवा माणसं देवऋषाकडं न्यायला निघालती. हिनं नेऊ दिलं न्हाई. पाय हलू दिला न्हाई, घड्याळ बघून चावल्याची येळ त्यांच्या हातावर पेनानं लिहिली, आन् गाडीत घालून दवाखान्यात. ते बघा, बाहेर गोठ्यात उभे हायेत ना, ते तिच्यामुळं उभे हायेत. हे लिहा. हे का लिहीत न्हाई?

पेनाला टोपण कशाला लावताय? चौकशी करावी लागंल म्हंजे? अजून कसली चौकशी, सांगणारी मीच की! किती दिवस लागत्याल? त्याच्यात मुदत गेली तर? साहेब, मी गरीब बाई न्हाई, हातापाया पडायची मला सवय न्हाई, पण पडते. बरं, न्हाई पडत, मागं नका सरकू. सही? त्याच्याखाली? न्हाई करणार मी त्याच्याखाली सही. कोरा कागद द्या. द्या म्हणते ते पेन, मला लिहिता येतं, सातवी झालीय माझी. "मी अनसूया नथू... राहणार नांदे... जुईलीची शेजारीण... लिहून देते की... मी खोटं बोलले. सगळं. पोरीत काय... खोट न्हाई. खोट माझ्यात हाय." घ्या. सही केली. हा कागद त्याच्यावर लावा, वर, पयला दिसंल असा. कोण वाचणार असंल तिकडं दिल्लीला, त्यानं आधी हा वाचला पायजे.

थांबा. गाडी वाजली. तिचीच. आज लवकर कशी आली ही... साहेब, तुमी मागच्या दारानं— न्हाई, बूट पुढं हायेत.

ये गं. आधी हेल्मेट तर काढ. हे... हे ठाण्यातनं आलेत. व्हय, तुझ्याच कागदाचं. अगं, अगं नाचतीस काय दारात, पडशील! तीन आठवडे वाट बघत व्हतीस? मग मला का न्हाई सांगितलंस बये? माझ्या जिवाला घोर नको म्हणून? ...व्हय, मलाच इचारलं. हेच आपलं, कधीपासनं वळखता, पोरगी कशी हाय. मी? मी काय सांगितलं, ते— गळ्यात कशाला पडतीस, चुलीपुढचा घाम हाय माझ्या अंगाला. सोड. सोड गं जुई.

साहेब, मगाधरनं मी तुमाला बोलूच दिलं न्हाई. आता तुमी सांगा तिला, काकू काय म्हणली ते.

बोला की.