अमेरिकेनं लावलेलं दार

१९४१ सालचा उन्हाळा. अकोला स्टेशनवर गाडीची वाट पाहताना नव्यानं सून होऊन आलेल्या वच्छलेच्या कानावर आळीतल्या दोन शेजारणींचं बोलणं पडलं.

“दुर्गाबाई, अमेरिका लढाईत उतरली का वो?”

“नाही. लोकाइच्या भांडनात पडत नाही म्हनते. शायनी हाये.”

“ते उतरली तं लढाई लवकर सरन. माहा पोरगा देवीदास मिसरातल्या पलटनीतून घरी येईन.”

“तिनं काहून उतरावं, सत्यभामा? आपलं दार लावून बसलेलं बरं.”

“तुवाबी लावलं होतं. माह्या गोठ्याले आग लागली तवा.”

“माही लेकरं होती वो घरात.”

“तिलेबी असतीनच लेकरं.”

डिसेंबरात अमेरिका उतरली. देवीदास दिवाळीआधीच मिसरात, इजिप्तच्या आघाडीवर, कामी आला होता. सत्यभामा भावाकडे अचलपूरला गेली, ती परतलीच नाही. दुर्गाबाई मरेपर्यंत तिचं रिकामं अंगण सारवत राहिली. आता त्या आळीत ते बोलणं ठाऊक असलेली वच्छला तेवढी उरली आहे.