भामचंद्रामागचे डोंगर

कुसुमताई: तर मग यात्रेला वैशाखच धरू ना? माझ्या शाळेला सुट्टी, तुमचे कांदे काढून झालेले, नेपाळात हवा थंडगार. आता काठमांडूपर्यंत मोटारीचा नवा रस्ताही झालाय. चिंचवडच्या सगळ्या बायका तयार आहेत.

कोंडाजी: धरा, धरा! आमच्या हिला जायाचं तर वैशाखातच. मागनं सवड न्हाई.

शालनबाई: मी न्हाई येत वैशाखात.

कोंडाजी: आँ? पशुपतिनाथ, पशुपतिनाथ करून माझं डोकं उठवलंस! आता मास्तरीणबाई चिंचवडासनं चाकणला आल्या इचारायला, तर बया न्हाई म्हणती!

शालनबाई: देवाला जायाचंच हाय. पर मला हिमालय बगायचाय. ल्हानपणी कीर्तनात ऐकलं, ते पार्वतीचं माह्यार. पांढरंशुभ्र. तवाधरनं जीव लागून ऱ्हायलाय.

कोंडाजी: मग? हिमालय वैशाखात परगावी जातो व्हय?

शालनबाई: ताई, तुमचे दीर गेलते न्हवं?

कुसुमताई: हो, गेल्या वैशाखात. दर्शन छान झालं. हिमालय मात्र नाही दिसला. सगळं धुरकट होतं म्हणे. नशीब एकेकाचं.

शालनबाई: नशीब कशाचं! अवो, जरा अंगणात या. ताई, तुमीबी. त्यो बगा भामचंद्र डोंगर. दिसतोय?

कोंडाजी: जल्म गेला हितं, भामचंद्र न दिसायला काय झालं? पुसट हाय, पर हाय.

शालनबाई: आन त्याच्या मागं?

कोंडाजी: मागं... मागं धुरळा. चैत चाललाय, दुसरं काय असणार!

शालनबाई: मावळचे डोंगर न्हाईत व्हय मागं?

कोंडाजी: हाईत की गं.

शालनबाई: दाखवा मग.

(कोंडाजीने कपाळाला हात लावून बघितलं, टाचा उंचावून बघितलं, डोळे चोळून बघितलं. पण मावळचे डोंगर काही त्याच्या हाकेला ओ देईनात. शालनबाई पदर खोचून मजेत उभी.)

कुसुमताई: खरंच की! काही म्हणजे काही दिसत नाही.

शालनबाई: आखाडात तर भामचंद्रबी ढगात बुडतो. आन दसऱ्याला? पावसानं समदी धूळ धुतल्याली. एकामागं एक डोंगर असे उभे ऱ्हात्यात, जणू आत्ताच न्हाऊन आल्यात. तिकडंबी पाऊस आपल्यासारखाच न्हवं?

कुसुमताई: आपल्यासारखाच. अगं बाई! तिथल्या धर्मशाळेतला माणूस दिरांना म्हणाला होता, दसऱ्याला या. आम्हाला वाटलं, सणाचं जेवायला बोलावतोय!

शालनबाई: घ्या! त्यो बिचारा डोंगर बगायला बोलावत हुता, आन तुमी जेवायला बसलात!

कोंडाजी: हसा, हसा. पर दसऱ्याला कांद्याची लागण असती, त्याचं काय?

शालनबाई: पावसात खुरपणी, थंडीत कांदा, उन्हाळ्यात तुमच्या भावकीची लग्नं. समद्यांचे हंगाम झाले, माझा कवा यायचा? डोळं धड हाईत तवर बगू द्या की!

कुसुमताई: मी दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकते. बायकांना सांगायचं माझ्याकडे लागलं.

कोंडाजी: आन मी शिलंगण करून, आपट्याचं सोनं घिऊन घरला आलो, तर दारात ओवाळायला कोण? सणासुदीला रिकामं दार?

शालनबाई: शिलंगण म्हंजी काय वो?

कोंडाजी: येवढं ठावं न्हाई? गावाची शीव वलांडायची.

शालनबाई: मग! दर साली बापयांनी शीव वलांडायची, आन आमी तबक घिऊन दारात. आन तुमची शीव ती केवढी? वढ्यापल्याडच्या आपट्यापातूर! औंदा मी वलांडते. दसऱ्याच्या सकाळीच निगते. आन अशी वलांडते, पार पार्वतीच्या माह्यारापातूर!

कुसुमताई: वा, शालनबाई! कोंडाजीराव, आता बोला.

कोंडाजी: काय बोलू? ठरवा दसरा.

शालनबाई: ऐकलंत न्हवं ताई? दसरा! आज तुमी जेवूनच जायाचं. गोडाचं करते!

कोंडाजी: आगं ए...

शालनबाई: आता काय?

कोंडाजी: न्हाई, तबकात काय काय ठिवायचं ते सांगून जा. तू शिलंगण करून येशील, तवा दारात मीच असंन.