चौथी जोडी

डोळ्यांत थेंब घालून सिंधुताईंना लातूरच्या त्या दवाखान्यात डोळे मिटून बसवलं होतं. शेजारच्या बाकावर कुणी मायलेकी हळू आवाजात बोलत होत्या.

"लेन्सची ही चौथी जोडी, माय. हीबी खुपू लागली."

"डॉक्टर अजून मऊ देतो म्हणलाय."

"मऊ घेऊन काय करू? त्याबी झोपताना काढाव्याच लागतात."

"मग काढत जा की."

"काढल्यावर भिंत चाचपत फिरू का? सासरी कुणालाच चष्म्याचं ठावं न्हाई. तुमीच सांगितलं, पोरीची नजर लख्ख हाय म्हणून."

"आठ स्थळं मोडली होती चष्म्यापायी. काय करावं आमी?"

"निदान ह्यांना तरी सांगते."

"येडी हाईस का? एक लेकरू होऊ दे, मग बघू."

"तवर डोळे ऱ्हातील का माझे?"

तेवढ्यात नर्स आली. "लईच लाल झालेत डोळे. लेन्स घालूनच झोपता का?"

"न्हाई बाई," माय म्हणाली. "रोज न चुकता काढती ती."

"त्यांना बोलू द्या."



"काढते की," लेक म्हणाली. "रोज डबीत ठेवते."