फिंचमध्ये पुढे बसलेला माणूस

प्रतिमा: ...आणि अनयला सांगून टाकलंय मी. शनिवारी येशील तेव्हा बाबांची गाडी घेऊनच जा म्हटलं. ह्यांचं ड्रायव्हिंग आता बंद.

प्रताप: वहिनी, एवढी घाई नको.

प्रतिमा: घाई? खुब्याचं हाड मोडलंय ह्यांचं, भाऊजी. महिनाभर तरी ह्या रिहॅबमध्ये काढायचाय. शंभर वर्षांपूर्वीचं खेळणं घेऊन मंडळाच्या पिकनिकला जायचं आणि पार्किंग लॉटमधल्या खांबावर आदळायचं, हे काय वय आहे?

प्रताप: खेळणं नाही ते. फिंच आहे.

प्रतिमा: माहितीये. इंडियानातली कंपनी. साध्या माणसाला परवडेल अशी चिमुकली गाडी काढायला निघाली आणि दोन वर्षांत बुडाली. तुम्ही दोघं ती दुरुस्त करायला लागल्यापासून ऐकतेय. उगाच नसेल बुडाली.

प्रताप: गाडीचा दोष नव्हता. ब्रेक व्यवस्थित लागत होते.

प्रतिमा: मग ह्यांचाच दोष. मी तरी वेगळं काय म्हणतेय? अपघात झाल्यापासून मी बोल बोल बोलतेय आणि हा माणूस नुसता पडून ऐकतोय. ‘हो, चुकलं माझं.’ इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

प्रताप: कॉफी आणू का तुम्हाला?

प्रतिमा: नको. बसा तुम्ही. काही खाताय का नीट? चेहरा बघा केवढासा झालाय. नशीब, तुमचं खरचटण्यावर निभावलं.

प्रताप: माझी विचारपूस करू नका, वहिनी.

प्रतिमा: का बरं?

प्रताप: पुरुषोत्तम चालवत होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

प्रतिमा: सगळ्यांनीच. मी आत बायकांबरोबर जेवणाचं बघत होते, पण मंडळातली वीणा बाहेरच उभी होती. हे पुढे बसले होते, तुम्ही मागे. तिने डोळ्यांनी पाहिलं. आणि ह्यांनीही तेच सांगितलं की.

प्रताप: वीणाने बरोबर पाहिलं. फिंचमध्ये दोनच सीटा, एकामागे एक. गाडी अरुंद म्हणजे स्वस्त, म्हणून तशी केलेली. पण स्टिअरिंग मागच्या सीटला आहे.

प्रतिमा: म्हणजे?

प्रताप: चालवणारा मागे बसतो.

प्रतिमा: परत सांगा.

प्रताप: मी चालवत होतो, वहिनी. तो खांब मला दिसलाच नाही. ग्लॉकोमा आहे, काचबिंदू. उजवीकडचं काही दिसत नाही, बरेच महिने झाले. मी कोणाला बोललो नाही. पुरुषोत्तमच्या लक्षात आलं, डॉक्टरच तो.

प्रतिमा: आणि माहीत असून हे बसले गाडीत?

प्रताप: मी म्हटलं, एकच चक्कर मारू, लोक बघतायत. तो म्हणाला, मग मी पुढे बसतो, काही आडवं आलं तर ओरडेन. ओरडला तो. मला वाटलं, हसतोय.

प्रतिमा: मग ‘मी चालवत होतो’ असं ह्यांनी सांगायचं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं?

प्रताप: त्याच्या. ॲम्ब्युलन्सची वाट बघत आडवा पडला होता, दुखत होतं, तरी मला म्हणाला, ‘सावनीला कळलं तर लेक तुला आयसेलिनला तिच्या घरी घेऊन जाईल. घर विकायला लावेल. मी चालवत होतो म्हण. माझ्या घरात प्रतिमा आहे.’

प्रतिमा: प्रतिमा आहे म्हणजे? शिव्या द्यायला?

प्रताप: गाडी चालवायला. त्याची गेली तरी तुमची आहे. माझी गेली की मी घरातच. दूध आणायचं तरी गाडी लागते इथे. तो म्हणाला आणि मी नाही म्हटलं नाही.

प्रतिमा: मी ह्यांना म्हातारचळ लागलाय म्हटलं. नर्ससमोर. मुलगा फोनवर ऐकत असताना बोलले. आणि तुम्ही तिथे होतात, भाऊजी. खुर्चीत.

प्रताप: हो. तुम्ही आणलेला डबा खात होतो.

प्रतिमा: घास गेला घशाखाली?

प्रताप: गेला. तेच डोक्यातून जात नाही.

(पुरुषोत्तम वॉकर ढकलत, पावलापावलाला थांबत येतो.)

पुरुषोत्तम: इथे बसलात होय. त्या थेरपिस्टने आज कॅफेटेरियापर्यंत चालायची परवानगी दिली. काय झालं? दोघं असे का बघताय?

प्रतिमा: चालवणारा मागे बसतो म्हणे.

पुरुषोत्तम: प्रताप. कशाला रे?

प्रताप: वहिनी तुझी गाडी अनयला देऊन टाकत होत्या.

पुरुषोत्तम: द्यायची होती. माझं काही अडलं नसतं. तू आयसेलिनला गेलास तर माझ्या शनिवारच्या गराजचं काय?

प्रताप: तुला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. स्पॅनर मागितला तर अजून पक्कड देतोस.

पुरुषोत्तम: मी काय गाडीसाठी येत होतो? सुनेत्रा गेली आणि तू गराजचं दार आतून लावून बसायला लागलास. बायको गेलेल्या माणसाला काय म्हणायचं, मला सुचेना. म्हणून पक्कड देत बसलो.

प्रतिमा: बसा आधी तुम्ही. हळू. इकडे, माझ्या बाजूला.

प्रताप: सावनीला सकाळीच फोन केला मी. सगळं सांगितलं. ती येतेय.

पुरुषोत्तम: काय म्हणाली?

प्रताप: आधी चिडली. मग इंग्लिशमध्ये बोलायला लागली.

पुरुषोत्तम: बापरे.

प्रतिमा: आज इथे कसे आलात, भाऊजी?

प्रताप: ड्राइव्ह करत.

प्रतिमा: त्या डोळ्याने.

प्रताप: हो.

प्रतिमा: किल्ली द्या इकडे. घरी मी सोडते तुम्हाला.

प्रताप: तुम्ही हायवेवर चालवत नाही, वहिनी.

प्रतिमा: आतल्या रस्त्यांनी जाऊ. उशीर झाला तर होऊ दे. आणि वाटेत माझ्याशी बोलू नका. आज नको.