नेलपेंटची रेघ

भैयाजी : बुद्धपौर्णिमाच होती ना त्या दिवशी? मी इथंच, दुकानात सायकलची ट्यूब तपासून राह्यलो होतो. तुमच्या गावचा बापूराव आला अन् म्हणे, अल्लीपूरच्या तानाबाई गेल्या. मी म्हटलं, कुठं गेल्या, नागपूरले काय? असा बावळट प्रश्न केला पाय मी. अजून लाज वाटते.

रोशनी : तुमचं सोडा, भैयाजी. मी समुद्रपूरच्या गाडीवर ड्युटीत होती. फोन वाजला तर वाटलं, मायच असन. खीर ठेवू काय तुह्यासाठी, हेच इचारन. म्हणून उचललाच नाही. पुढच्या फाट्यावर उचलला, तर दुसरंच कोणी बोलून राह्यलं होतं.

नानाजी : भैयाजी, सीट दाखव लौकर. टेम्पो थांबला हाये.

भैयाजी : थांबू द्या ना. कैलास हाये तो, चहा पिऊन राह्यला आरामात. घ्या नानाजी, खर्रा घ्या. सुपारी-तंबाखू आत्ताच घोटली.

नानाजी : सोडला.

भैयाजी : तुमी? अन् खर्रा सोडला? कवापासून?

नानाजी : तवापासून.

रोशनी : खरंच सोडला हो. माय जिंदगीभर बोंबलली तरी सोडला नाही. ती गेली अन् दुसऱ्या दिवसापासून तोंडात सुपारीसुद्धा नाही. पाहाले असती तर तिनं गावभर पेढे वाटले असते.

नानाजी : सीट पाय, रोशनी.

रोशनी : पाहते ना बाबा. ही मस्त आहे. मऊ, गादीसारखी.

भैयाजी : बोटानं दाबून नोको पाहू. सगळे बोटानंच दाबतात. सायकलवर बोट बसते काय? आंधी सांग, जाचं कुठवर हाये?

रोशनी : दीक्षाभूमीपर्यंत. महिला मंडळाच्या बाया धम्मचक्र दिनाले सायकलनं निघून राह्यल्या. पहिलं नाव मायनंच देल्लं होतं. आता तिच्या जागी मी जाते, तिच्याच सायकलवर.

भैयाजी : मंग मऊ सीट बिलकुल नोको. मऊ सीट बाजारापुरती. लंबा रस्ता झाला का बूड रुतते अन् मांड्या घासतात. ही घे, थोडी कडक, मागून रुंद, मंधात खाच. बसाच्या हाडाले टेका भेटला पायजे.

नानाजी : पोरीसमोर काय बोलून राह्यला बे!

रोशनी : बाबा, मी कंडक्टर आहे. याच्याहून वंगाळ रोज ऐकते, अन् वरून सुट्टे मागते.

भैयाजी : अन् हे घे, आतून घालाचं. याच्यात पट्टी हाये मऊ.

नानाजी : हे तं लेकराचं डायपर हाये!

रोशनी : डायपर नाही, सायकलची चड्डी आहे. पांढऱ्या साडीखाली कोणाले दिसते?

भैयाजी : साडी नोको नेसू, बाई. चेनमंदी अटकन अन् तिथंच वंदना होईन. पांढरा सलवार-कुर्ता घालजो, पायाशी तंग. हे हेल्मेट, छेदाचं, डोकं तापत नाही. हे हातमोजे.

रोशनी : याची बोटं कोणी कापली?

भैयाजी : असेच येतात.

रोशनी : अर्धवट मोजे घालून जाऊ दीक्षाभूमीले? बाबा, पाहा ना. माय पोट धरून हसली असती.

नानाजी : झालं तुमचं? भैयाजी, ती सीट दांडीसकट बदल. जुनी दांडी मले दे. भंगारात टाकतो.

भैयाजी : दांडी काऊन? दांडीले काई होत नसते. सायकलवरचं पोतं तं सोडू द्या आंधी.

नानाजी : पोतं राहू दे. नवी दांडी आण, मी बसवतो.

रोशनी : असंच करतात हे. गोठ्यात ठेवली होती अशीच गुंडाळून, कोणाले हात लावू देल्ला नाही. टेम्पोत पण यायनंच चढवली. मी समजली, मायची आठवण आहे, राहू दे.

भैयाजी : सुटलं पोतं. वा, सायकल तं एकदम ठणठणीत ठेवली.

रोशनी : पंचर पण काढून टाका हातोहात.

भैयाजी : कोणतं पंचर? हवा उतरली थोडी, इतके महिने उभी हाये म्हणून. पंचर असतं तं टायर जमिनीले टेकलं असतं.

रोशनी : पंचर नाही? आमी तर सगळे तेच समजलो. नाही तर माय पायी काऊन निघन? वावरातल्या घरापासून विहारापर्यंत रस्त्यानं एक झाड नाही. वैशाखाचं ऊन, हातात खिरीचा डबा, अन् रस्त्यातच ऊन लागून पडली. सायकल असून ती पायी काऊन गेली, हेच कोणाले समजलं नाही.

नानाजी : भैयाजी, दांडी आण म्हटलं ना.

भैयाजी : आणतो. पन... हे काय? एवढी वर सीट?

रोशनी : काय झालं?

भैयाजी : इकडं ये, बाई. ही लाल रेघ पाय दांडीवर. तुही नेलपेंट हाये हे. तानाबाई घेऊन आल्या होत्या घरून. म्हणे, आमचे हे सीट वर करतेत अन् तशीच ठेवून देतेत, मंग कुठवर खाली कराची ते मले समजत नाही. मीच रेघ मारून देल्ली. म्हटलं, रेघ आत बुडाली का तुमचा पाय टेकला समजा.

रोशनी : रेघ तर चार बोटं वर आहे.

भैयाजी : तेच म्हणून राह्यलो.

रोशनी : इथं तर माहाही पाय टेकणार नाही. माय तर माह्याहून बुटकी होती.

भैयाजी : पन मी बाईले एक पाना देल्ला होता, याच नटाचा. सीटखालच्या या थैलीत राहे. थैली तं रिकामी हाये.

रोशनी : बाबा.

नानाजी : काय?

रोशनी : तुमची गाडी तवा मेकॅनिककडे होती ना?

नानाजी : हाव.

रोशनी : मग आदल्या दिवशी संध्याकाळी तुमी खर्रा आणाले कशावर गेलते?

(नानाजीनं सदऱ्याच्या खिशातून पाना काढला अन् काउंटरवर ठेवला.)

भैयाजी : हाच. हाच तो पाना.

नानाजी : गुडघे हँडलले लागत होते. म्हणून सीट वर केली, आवळली, अन् पाना खिशात टाकला. सकाळी तसाच गाडी आणाले गेलो.

रोशनी : मायनं फोन नाही केला तुमाले?

नानाजी : केला ना. पाना कुठी हाये म्हणे. म्या म्हटलं, पाय थैलीत. तोंड भरलं होतं खर्र्यानं, धड बोलता येत नोतं. खिसा चाचपून पाह्याचं सुचलंच नाही.

भैयाजी : नानाजी, बसा. पाणी घ्या. बाई, तू बी बैस.

रोशनी : मी ठीक आहे.

भैयाजी : मी करू काय खाली? दोन मिनिटाचं काम हाये.

रोशनी : नाही. पाना बाबाले द्या.

नानाजी : माह्यानं होत नाही, बाई. गोठ्यात पोतं काढतो, नटाले पाना लावतो, अन् परत झाकून ठेवतो.

रोशनी : कितीकदा?

नानाजी : रोजच.

रोशनी : अन् मी म्हणत होती, आठवण आहे, राहू दे.

नानाजी : तू बोल मले काई. शिव्या दे.

रोशनी : काय देऊ? धरा पाना. मी सीट धरते.

भैयाजी : उलटा फिरवून राह्यले तुमी. असा तं अजून आवळते.

रोशनी : भैयाजी, तुमी नोका बोलू. बाबा, दुसऱ्या अंगानं.

नानाजी : नट हलून नाही राह्यला.

रोशनी : अजून जोर लावा.

भैयाजी : कैलास हॉर्न मारून राह्यला. सांगू काय त्याले, निघ म्हणून?

नानाजी : सांग. म्हणाव, नानाजीले अजून टाइम लागते. तानाबाईची सीट खाली कराची राह्यली हाये.