निंबवालं वावर

हसणार नसाल तर सांगते. वावराच्या नावावर भरवसा ठेवून मी एकदा सगळ्यांना उपाशी मारलंय.

मी नशिराबादची, सासर पाचोऱ्याकडचं. लग्नानंतर पहिल्यांदाच वावरात भाकरी घेऊन निघाले. सासूबाई म्हणाल्या, "निंबवाल्या वावरात जा. आबा अन् मजूर वाट बघतायत." नाल्यापलीकडे हे एवढं निंबाचं झाड दिसलं. बसले त्याखाली. ऊन डोक्यावर आलं, तरी कुत्रं फिरकेना.

शेवटी एक म्हातारे नाना बैल घेऊन आले. म्हणाले, "अव माय, हाई ते आमनं चिंचवालं वावर शे!"

"मग चिंच कुठाय?"

"चिंच तठे, तुमना निंबवाला वावरमा."

पळत गेले. सासरे आणि मजूर चिंचेखाली भुकेनं पोट धरून बसलेले.

"आबा, इथला निंब कुठाय हो?"

"तो माझ्या आजोबांनीच तोडला."

"मग नाव अजून निंबवालं?"

"नावाला कोण कुऱ्हाड लावतं, पोरी?"

तरी सून परत चुकू नये म्हणून आबांनी बांधावर नवा निंब लावला. आता तो चांगला डेरेदार झालाय. परवा मी ट्रॅक्टरवाल्याला फोन केला, "निंबवाल्या वावरात नांगरटीला ये."

"ते कोणतं, वहिनी?"

नाला सांगितला, बांध सांगितला, निंब सांगितला. त्याला काही उमजेना. मग एकदम ओरडला, "अहो, मग सरळ 'सून हरवली ते वावर' म्हणा ना!"