आधी वळलेली मान

"मैत्रीण आहे खरी, पण उंबऱ्याच्या आत कधी आणली नाही, आमच्या हिला तेवढी अक्कल आहे" — असं म्हणाले गं सुगंधा, आमचे हे, हेडसरांना, बाहेरच्या खोलीत बसून. आणि मी आत शेगडीवर पापड भाजत होते. नको, पाणी नको, आत्ताच स्टेशनावर प्यायले. तू बस. वह्या तपासायच्यात? तपास की, मी बोलते. दहा महिने झाले धुळ्याला, त्या घरात 'हो' आणि 'वाढू का' याच्यापुढे माझं काही बोलणं नाही — सासूबाई शेजारणींना सांगतात, सून गाय मिळाली. आज ऐक जरा गाईचं.

तुमचा अर्ज आला ना शाळेत, अकरावीची ती कादंबरी वर्गात वाचू नका म्हणून — पहिली सही तुझी. इथून रोज गाडीनं येणारी तुझी धाकटी बहीण ह्यांच्याच वर्गात, हे मला तेव्हाच कळलं. आणि ह्यांनी वाचायला घेतलं त्या दिवसापासून ती शाळेत येत नाही, हेही तेव्हाच. कादंबरी तीच गं, आपल्या वेळची. पाटलाचा मुलगा, सालदाराचा भिवा, दोघांचं मैत्र, शेवटी भिवा पुरात त्याला काढतो आणि स्वतः जातो. भिवा साऱ्या पुस्तकात स्वतःसाठी काही मागत नाही, म्हणून तर सगळ्यांना आवडतो. आणि तो शब्द — तुमच्या जातीवरून, पानाआड तो शब्द, पाटील बोलतो, पाटलीण बोलते, मैत्र करणारा मुलगासुद्धा लाडानं बोलतो. हे शेवटच्या पानाला दर वर्षी चष्मा पुसतात. खोटं नाही, खरंच पुसतात. घरी येऊन मग सासूबाईंना विचारतात, झाडायला येते तिला अंगणातूनच पैसे दिले ना?

तर हेडसर आले होते अर्जाला उत्तर लिहायला. हे सांगतात, ते लिहितात. "प्रस्तुत कादंबरी मैत्रीचा आदर्श आहे. माझ्या पत्नीने हीच कादंबरी अर्जदार बाईंसोबत एकाच वर्गात बसून अभ्यासली, आणि दोघींची मैत्री आजही अभंग आहे." मला न विचारता. म्हणजे बघ — उंबऱ्यात तू चालत नाहीस, उत्तरात चालतेस. माझ्या हातावर निखारा उडाला, हा बघ डाग. ओरडले नाही. मनात म्हटलं, थांबा.

पापड कुठले ते ओळख. हा डबा बघ — ओळखलास ना? रुखवतातला. वरणगावला आमच्या क्वार्टरच्या मागं, तेल लावलेला उडदाचा गोळा कुटून कुटून तुझे तळहात सुजले होते. सासूबाईंनी ते पापड जपून ठेवले, फक्त मोठ्या पाहुण्यांना काढतात. मी ताट नेऊन ठेवलं, दारात उभी राहिले. हेडसरांनी एक घेतला, दुसरा घेतला, म्हणाले, वहिनी, असा पापड आख्ख्या धुळ्यात नाही. सासूबाई फुलल्या — "सूनना रुखवतना शेतस." मी मुद्दाम थांबले. पाचवा पापड त्यांच्या तोंडात पुरता मोडेपर्यंत थांबले. मग म्हटलं, सुगंधानं लाटलेत, जिची अर्जावर सही आहे ती.

हसलीस? हसलीस ना थोडी? — नाही? बरं.

हेडसर चावायचे थांबले. सासूबाई उठल्या, डबा पदरानं धरून अंगणात ठेवून आल्या आणि हात धुतले. मला वाटलं, झालं, फिटलं. आणि हे — हे काय म्हणाले सांगू? "वा! हेही घाला उत्तरात. रुखवताचे पापड मैत्रिणीने लाटले, याहून मोठा पुरावा कोणता." सुगंधा, त्यांना काही लागतच नाही गं. जे फेकून मारावं ते उचलून हार म्हणून गळ्यात घालतात.

आणि पुरावा म्हणशील तर — वऱ्हाड यायच्या आदल्या संध्याकाळी आईनं तुला मागच्या दारानं लावून दिलं, आठवतं? जाता जाता तू आईला म्हणालीस, तिला, म्हणजे मला, माहीत नसेल. मला माहीत होतं. हळदीच्या अंगानं आत बसले होते, सगळं ऐकू येत होतं.

वही बंद का केलीस? नको, माझ्याकडे बघू नकोस, वहीच बघ. मला आणखी सांगायचंय, त्यासाठीच आलेय, पापडासाठी नाही. वर्गात सरांनी तो शब्द पहिल्यांदा वाचला तो दिवस. तू शेवटच्या बाकावर, मी दुसऱ्या. तू मान खाली घातलीस ती घंटा होईपर्यंत. घरी जाताना विचारलंस, सगळे वळले का गं? मी म्हटलं, सगळे नाही. तुला काय वाटलं ते मला कळलं, आणि मी वाटू दिलं. सात वर्षं.

उठलीस? मला जा म्हणतेस? जाते. साडेपाचची गाडी आहेच. डबा ठेवून जाते, तो तुझा. ह्यांना शेवटी मी काय बोलले तेवढं ऐक. हेडसरांचं पेन अजून कागदावर होतं. हे म्हणाले, बोल, आणखी काही घालायचंय? दहा महिन्यांत पहिल्यांदा मला विचारलं. मी म्हटलं —

"लिहायचं तर पुरतं लिहा. तो शब्द आला तेव्हा अख्खा वर्ग मागं वळला, आणि सगळ्यांच्या आधी मी. खाली सही मी करते."